पुनरागमनाविषयी एकमत

तीर्थरूप आईस, तुझ्या ज्येष्ठ व उत्तरोत्तर स्थूल पुत्राचा सप्रेम सलाम.

प्रकृती ठणठणीत. तुझा गुडघा काय म्हणतो?

काल माझा खोलीतला सोबती, मुसलमान शिंपी, म्हणाला, "तुमचे येशू, आमचे हजरत इसा, क्रुसावर मेलेच नाहीत. अल्लाहने त्यांना जिवंत वर उचलले."

मी बटाटे परतता परतता धर्मसभा भरवली. "मरण पावला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला!" बटाटे करपले. अखेर एका मुद्द्यावर उभय महापंडितांचे एकमत झाले: ते परत येणार.

"आणि तू, भाऊ?" शिंप्याने विचारले. "बापाच्या मातीला गेला नाहीस. आईकडे कधी जाणार?"

महापंडिताने चूल विझवली आणि कागद-पेन काढले.

रजेचा अर्ज दिला आहे, आई. बाबांच्या कबरीवर दगड बसवायला मी येईपर्यंत थांबशील ना?

तुझा वाचाळ, अपराधी मुलगा