बाबांच्या रॉथ खात्यावरचा कर

टूसॉन, ७ डिसेंबर

प्रिय आई,

मी खुशाल आहे, पण आज गोड बोलणं जमणार नाही.

इंगाकाकूंचा फोन आला होता. डुलुथला बर्फ पडतोय, घर तापवायची भट्टी बंद पडलीय आणि तू कोट घालून झोपतेस म्हणे. दुरुस्तीसाठी बाबांच्या रॉथ खात्यातून पैसे काढले तर निम्मे करात जातील, असं वर्लिननं तुला सांगितलं.

मी इथल्या कर सल्लागाराला विचारलं. निवृत्तीसाठी बाबा वीस वर्षं त्यात कर भरलेलेच पैसे टाकत होते. ते गेल्यावर ते खातं तुझं झालं. काढशील त्यावर एक सेंटही कर नाही.

मग मी वर्लिनला फोन लावला. माझा भाऊ म्हणतो, "अगं, तिच्यामागे उरेल ते आपल्यालाही बिनकरी मिळेल, दहा वर्षांत काढलं की झालं. आईला या वयात काय लागतं?"

"ऊब लागते," म्हटलं आणि फोन ठेवला.

मी भट्टीवाल्याला सांगितलंय, तो गुरुवारी येईल. त्याचे पैसे त्याच खात्यातून दे. गुडघा दुखतो का अजून? खरं सांग.

वर्लिन आला तर कॉफी दे, सल्ला घेऊ नकोस. तुला गारठवून उरलेला वारसा मला नको.

तुझीच,
आर्डिस