एल्सी-मे या नावाची वाटणी

मी, हेरंब त्र्यंबक टिल्लू, वय एकोणसाठ, राहणार बार्न्सली, इंग्लंड, जिथे मला सगळे हॅरी म्हणतात. धंदा चाव्या करणे, बुटांच्या टाचा ठोकणे आणि कुत्र्यांच्या बिल्ल्यांपासून बारशाच्या पेल्यांपर्यंत नावे कोरणे. पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दडपणाशिवाय हे लिहून ठेवतो. पुढच्या आठवड्यात माझ्या गुडघ्याची शस्त्रक्रिया आहे. पत्नी लोरेन म्हणते, "गुडघ्यानं कुणी मरत नाही, हॅरी." तिचे मत नोंदवले आहे.

१. राहते घर लोरेनच्या हयातीत तिचे. नंतर कर्स्टी व लिॲन या मुलींचे, समसमान. मागच्या दाराची पायरी मात्र कुणी उखडू नये. तिथे उभ्या राहून माझ्या सासूबाई, कै. एल्सी, प्रत्येक नातवंडाच्या नावाची परीक्षा घेत. जेवायला मारलेली हाक गल्लीच्या टोकाला पोचली नाही, तर ते नाव बाद, हा त्यांचा सिद्धान्त. थोरलीसाठी मी 'मैत्रेयी' सुचवले होते. सासूबाईंनी 'माय-ट्रे-ई' अशी हाक दिली आणि भिंतीपलीकडून शेजारीण ओरडली, "तुझा ट्रे माझ्याकडे नाही गं, एल्सी!" मुलगी कर्स्टी झाली. दिवंगतांवर राग धरू नये. मी फक्त लिहून ठेवतो.

२. बँकेतली शिल्लक लोरेनला. कोरण्याचे यंत्र कर्स्टीचा नवरा क्रेग याला. बाळाचे नाव आधी मानेवर गोंदवून घेऊन मग घरच्यांना विचारणारा माणूस आहे. या धंद्यात असा धीर लागतो.

३. आता मुख्य मिळकत. दोन्ही मुलींना सप्टेंबरात बाळ होणार आहे, दोन्हीकडे मुलीच आहेत, आणि दोघींनाही आजीच्या आठवणीने नाव हवे आहे: एल्सी-मे. ईस्टरच्या जेवणाला हे उघड झाले.

"नाव चोरलंस तू माझं!" कर्स्टी म्हणाली.

"चोरलं? आजीनं शेवटच्या दिवशी मला दिलंय ते."

"त्या दिवशी आजी मला दूधवाला म्हणत होती!"

क्रेग मानेवर हात ठेवून म्हणाला, "माझं तर गोंदूनपण झालंय."

"मग मान काप," लिॲन म्हणाली.

तेव्हापासून अबोला. दर रविवारी लोरेन दोन पंगती वाढते. कुणाला वाईट वाटू नये म्हणून मी दोन्हींत जेवतो. गुडघ्याच्या दुखण्याचे मूळ त्यात आहे, असे डॉक्टर म्हणतात. हा अबोला माझ्यामागे या घरात राहू नये, एवढ्यासाठी हा कागद. बाकी कलमे निमित्तमात्र.

४. सासूबाई नुसत्या एल्सी होत्या. 'मे' हे शेपूट हल्ली गल्लीतल्या प्रत्येक मुलीला असते: लिली-मे, ग्रेसी-मे. महिन्याशी त्याचा संबंध नाही. संस्कृतात मात्र 'मे' म्हणजे 'माझे'. म्हणजे माझ्या मुली नाव घेत नाहीत, दावाच सांगतात. सबब मी या नावाचा विग्रह करतो: 'एल्सी' कर्स्टीला, 'मे' लिॲनला. क्रेगने 'मे'पुरता बेताचा गळपट्टा वापरावा.

५. हा मसुदा ऐकवायला काल दोघींना एकाच वेळी बोलावले. मृत्युपत्र म्हटल्यावर दोघी वेळेवर आल्या.

"अर्धं नाव?" कर्स्टी म्हणाली. "माझं बाळ काय उरलेला पाव आहे?"

लिॲनने कागद स्वतःकडे ओढला. मग म्हणाली, "आणि मधली रेघ कुणाची?"

"माझी. एल्सीला चिकटूनच आहे ती."

"मे-लापण चिकटलीये! डॅड, सांगा हिला."

"समोर बसलीये ती," मी म्हणालो. "तूच सांग."

तिने सांगितले. कर्स्टीने उलट सांगितले. लोरेनने मध्येच ताटे मांडली, ते कुणाच्या लक्षात आले नाही. भाजलेले मांस संपेपर्यंत रेघेचा निकाल लागला नव्हता.

"रेघ माझीच आहे," कर्स्टी म्हणाली, "आणि तो रस्सा इकडे दे."

लिॲनने दिला.

सबब उपरोक्त रेघ, व्याकरणात जिला संयोगचिन्ह म्हणतात, मी दोघींच्या सामाईक व अविभाज्य मालकीत ठेवतो. तिचा निकाल कोणत्याही न्यायालयाने कधीही लावू नये.

ठिकाण: बार्न्सली, स्वयंपाकघर. जुलैचा दुसरा सोमवार.

सही: हे. त्र्यं. टिल्लू

साक्षीदार: बॅरी ओल्डरॉइड, शेजारच्या गाळ्याचा मासळीवाला (कागदाला वास येत असल्यास तो यांचा).

साक्षीदार: मॉरीन साइक्स, निवृत्त बसवाहक. या सही करताना म्हणाल्या, "माझ्या मते रेघ लिॲनची." हे मत कुणालाही कळवू नये.