पिवळ्या कुंडीशेजारचं दार

४ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे आहोत. तुझं कानाचं यंत्र अजून डब्यातच आहे का? तुला फोनवर ऐकू येत नाही म्हणून पत्र लिहायची सवय राहिली, एवढाच काय तो फायदा.

चिमीनं माझ्या दुकानासाठी केलेली वेबसाइट पाहिली. तुझ्या लेकीनं मनापासून काम केलंय. एक टाच उंच असलेले बूट, वाकड्या बोटांसाठीच्या चपला, सगळं नीट दिसतं. ज्याचा एक पाय आखूड आहे त्याला बुटांसाठी किती वणवण करावी लागते ते मी रोज ऐकतो. घरबसल्या कळलं तर बरंच.

फक्त तिला सांग, फोटो आणि पत्ता जुन्याच दुकानाचा राहू दे, मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या दाराचा. भाडं झेपेना म्हणून मागच्या वर्षी मी घरामागच्या गॅरेजात आलो, हे जगाला कशाला सांगायचं? दाराला लागूनच गल्लीची कचराकुंडी आहे. इथे कुणाला बोलवायची लाज वाटते. फोन नंबरही नको, माणसं आधी पत्ताच विचारतात. खरी गरज असेल ते येतील शोधत.

चिमीला आशीर्वाद. राग मानू नकोस.
तुझा,
बारक्या


१५ जानेवारी

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

तुझा निरोप ऐकून चिमीनं कपाळाला हात लावला. पाटी एकीकडे आणि दुकान दुसरीकडे असं कुणी करतं का, असं तिचं म्हणणं. मामाचा हट्ट म्हणून तिनं फोटो जुनाच ठेवलाय. पण गिऱ्हाइकांना निरोप लिहायला एक चौकट ठेवली आहे, ती मात्र काढणार नाही म्हणाली. हट्टीपणात माझ्यावर गेली आहे.

शाळेत असताना चड्डीचं ठिगळ दिसू नये म्हणून तू भिंतीला पाठ लावून चालायचास. पन्नाशी उलटली तरी तसाच चालतोस. माझ्या यंत्राचं म्हणशील, तर ते कानात दिसलं की शेजारीण माझ्याशी ओरडून बोलते, जशी काही मी बहिरीच. आहे मी बहिरी, पण ते चारचौघांत कशाला?

तब्येतीला जप, आणि या म्हातारीवर माया असू दे.
तुझी,
ताई


२ मार्च

चि. बारक्यास,
अनेक आशीर्वाद.

आज चिडवायला लिहीत नाही. त्या चौकटीत एक निरोप आलाय, चिमीनं तो मला वाचायला दिला. लिहिणारी एका मुलीची आई आहे. मुलगी चालायला लागल्यापासून तिचा डाव्या पायाचा बूट तूच करतोस म्हणे. यंदा तो लहान झाला. वेबसाइट पाहून त्यांना हायसं वाटलं, आणि अर्धा दिवस बसनं प्रवास करून दोघी काचेच्या दाराशी पोचल्या. तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. तिथल्या माणसाला तुझं नावही ठाऊक नव्हतं. थोडा वेळ पायऱ्यांवर बसून त्या परत गेल्या. मुलीच्या पायात अजून जुनाच बूट आहे.

शेवटी तिनं विचारलंय, बूटवाले काका हयात आहेत ना? असले तर त्यांना त्रास देऊ नका, फक्त कळवा.

चिमीनं उत्तर दिलेलं नाही. पत्ता मामानंच सांगावा, असं ती म्हणते. मलाही तसंच वाटतं.
ताई


१९ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचलं आणि दिवसभर कामाला हात लागला नाही. संध्याकाळी चिमीला फोन करून खरा पत्ता, नंबर आणि गल्लीचा फोटो, सगळं वेबसाइटवर टाकायला आणि त्या आईलाही कळवायला सांगितलं.

काल त्या दोघी आल्या. मुलगी पुढे होती. पिवळ्या कचराकुंडीला लागून हिरवं दार, हे तिनं वेबसाइटवर वाचून पाठच केलं होतं. मला वाटलं, आत येताना नाक मुरडतील. ती नेहमीसारखी स्टुलावर बसली आणि पाय पुढे केला. बोटांना जागा व्हावी म्हणून आईनं बुटाचं टोक कात्रीनं कापलं होतं. अंगठ्याचं नख काळं पडलं होतं आणि टाचेला जखम होती.

ताई, या गल्लीची मला इतकी लाज कधी वाटली नव्हती, जितकी त्या वेळी माझी वाटली. पाय मांडीवर घेऊन बसलो, मान वर होईना. त्यात तिची आईच म्हणत होती की आम्हीच नीट चौकशी करायला हवी होती. तेव्हा मला राहवेना. पत्ता मीच लपवला, असं सांगून टाकलं. मुलीनं विचारलं, कुंडीमुळे का? मी हो म्हणालो. तर म्हणाली, कुंडी होती म्हणून तर दार सापडलं.

बूट शनिवारी देतो आहे. चिमी फोटोतली कुंडी कॉम्प्युटरवर पुसून देते म्हणाली होती. तिला सांग, कुंडी राहू दे.

आणि तू यंत्र घाल. शनिवारी फोन करीन, तेव्हा ऐकू आलं पाहिजे. एवढं सगळं वाचूनही लोभ उरला असेल तर तो तसाच ठेव.
तुझा,
बारक्या