घशाचं ऑपरेशन

४ फेब्रुवारी

आई आली. भावाची बदली झाली, नवीन घर मिळेपर्यंत दोन महिने माझ्याकडे. चप्पल काढायच्या आधीच जिन्यात उभी राहून खणखणीत आवाजात विचारलं, "कोन ग ते समोर राहतं?"

कोन! मी तिला आत ओढलं आणि दार लावून घेतलं.

५ फेब्रुवारी

व्हायचं तेच झालं. घरी माझा शुद्ध उच्चारांचा सकाळचा वर्ग भरला होता. अकरा जणी, फळ्यावर हा एवढा मोठा 'ण'. मी सांगतेय — जीभ वर वळवा, टाळूला टेकवा, सोडा. तेवढ्यात आई तांब्या-पेला घेऊन हजर. "पोरींनो, पानी घ्या. घसे सुकले असतील."

मागच्या रांगेत खुसखुस.

"मॅडम, या कोण?" एकीने विचारलं. 'कामाला असतात' हे अगदी ओठावर आलं होतं. पण म्हटलं, "माझी आई." एवढं तरी म्हटलं!

मुलींचं तरी काय चुकलं? त्यांना हसायला मीच शिकवलंय. पहिल्या तासाला मी 'आनि-पानी-लोनी' करून दाखवते, पोट धरधरून हसतात. फार छान जमतं मला ते. न जमायला काय झालं — वयाच्या बाविसाव्या वर्षापर्यंत तेच बोलत होते.

७ फेब्रुवारी

झोप नाही. ती पहिली मुलाखत सारखी आठवतेय. टेबलामागे तिघे. मी म्हटलं, "माझं शिक्षन पूर्न झालंय." मधला म्हणाला, "काय पूर्ण झालंय?" शिक्षन. "पुन्हा सांगा?" शिक्षन. चार वेळा वदवून घेतलं. चौथ्या वेळी शिपाईसुद्धा हसला! जागा मिळाली ती माझ्यापेक्षा कमी गुणांच्या मुलीला. तिचा 'ण' गोल होता.

त्या दिवसापासून वसतिगृहाच्या न्हाणीघरात नळ सोडून घोकत बसायचे. आठ महिने. आईने दिलेली जीभ मी अशी चूळ भरून थुंकून टाकली. आता ती जीभ स्वतःच्या पायांनी चालत घरी आलीय.

९ फेब्रुवारी

संचालकांचा फोन! नवीन संस्थेत उच्चार विभागाची प्रमुख म्हणून माझं नाव जवळजवळ नक्की. बावीस तारखेला सपत्नीक घरी येणार. म्हणाले, "घरचं वातावरण बघू जरा. भाषा घरातूनच येते, नाही का?"

मी म्हटलं, "अगदी बरोबर."

१० फेब्रुवारी

आईला सांगितलं. "आई, तुझ्या घशाचं ऑपरेशन झालंय असं मी सगळ्यांना सांगणार आहे. बोलायची मनाई आहे."

तिने जरा विचार केला. "कधी झालं?"

"परवा."

"फार दुखलं का ग मला?"

हसू आलं मला. तीही हसली. मग हळूच म्हणाली, "किती दिवस?"

"पाहुणे येऊन जाईपर्यंत."

"तुझं भलं होत असेल तर मी मुकी." आणि स्वतःच उठून गळ्याला मफलर गुंडाळला.

१३ फेब्रुवारी

बाई कसली, नटीच! घशाला हात लावून काय ते डोळे मिटते. शेजारीण फळं देऊन गेली. वर्गातल्या मुली तिला वाकून नमस्कार करतात. बोलत नाही तोवर माणसाला किती मान असतो!

आम्ही दोघीच असतो तेव्हाही बोलत नाही. मी म्हटलं, "अग आता कोणी नाही." तर मानेनेच नाही म्हणाली. सवय मोडायला नको, अशी खूण केली. खरं लिहू? घर किती शांत वाटतंय.

१७ फेब्रुवारी

वर्गात एक चष्मेवाली आहे. सगळ्यांत ढ. तीन महिने झाले, 'ण' तिच्या जिभेवर बसत नाही. रोज तिला उभी करते, रोज ती रडवेली होते.

आज वर्ग सुटल्यावर स्वयंपाकघरातून आवाज आला. आईचा! दोघी फरशीवर मांडी घालून बसलेल्या. आई तिला सांगतेय, "जीभ नाही वळली तर नाही वळली. तिला काय मोडून घ्यायची का? आपल्या बोलन्यानं कोनाचं घर जळालं?" चष्मेवाली खदखदून हसतेय. आईसुद्धा. माझ्याशी अशी कधी हसली ती? आठवतच नाही.

मी चष्मेवालीला म्हटलं, "उद्यापासून येऊ नकोस. तुझ्या जिभेत दोष नाही. मुळातच दोष आहे. तो कोणालाच काढता येत नाही."

तिने चष्मा पुसला आणि गेली.

आई म्हणाली, "माझ्यापायी तिला का ग?"

"तुझ्यापायीच! माझ्यासाठी पाच दिवस तोंड बंद ठेवता येत नाही तुला?"

२१ फेब्रुवारी

त्या दिवसापासून खरोखरच शब्द नाही. विचारलं तरी नाही. रुसली असेल. असू दे. उद्याचा दिवस पार पडला की समजूत काढीन.

२२ फेब्रुवारी

पाहुणे अकराला आले. आईने सरबत दिलं, मान लववली, आत गेली. दोघं खूश. संचालकांच्या पत्नी म्हणाल्या, "किती शालीन आहेत हो!" दोनला निघायला उठले, तर स्वयंपाकघरात धाडकन आवाज. आई जमिनीवर. तोंड वाकडं, उजवा हात लुळा.

संचालकांनीच गाडीतून दवाखान्यात नेलं. देवमाणूस. डॉक्टर एकच विचारत होते — "बोलणं कधी गेलं? मेंदूचा झटका तिथूनच मोजायचा, नक्की वेळ सांगा. साडेचार तासांच्या आतलं असेल तर इंजेक्शन देता येईल. वेळ माहीत नसेल तर धोका."

संचालक म्हणाले, "त्यांना बोलता येतच नाही. घशाचं ऑपरेशन झालंय." मी म्हटलं, "मला नाही सांगता येणार." कसं सांगणार? पाच दिवस बोललीच नव्हती!

इंजेक्शन दिलं नाही.

२४ फेब्रुवारी

जिवाचा धोका टळला. वाचा परत येईल असं वाटत नाही, म्हणाले.

२६ फेब्रुवारी

नेमणुकीचं पत्र आलं.

१ मार्च

बावीस तारखेचं खोटं लिहिलंय. सुरुवात पडण्यापासून झालीच नव्हती. मी पेले ठेवायला आत गेले तेव्हा ओटा धरून उभी होती, तोंड एका बाजूला ओढलेलं. मला बघून बोलायला लागली. शब्द तुटत होते, पण आवाज मोठा. बाहेर ऐकू गेला असता. मी तिच्या तोंडावर हात दाबला, तिला खाली बसवलं, दार ओढून घेतलं आणि बाहेर येऊन दोन तास गप्पा मारल्या.

ओट्यावरच्या घड्याळात तेव्हा पावणेबारा वाजले होते. डॉक्टरांनी वेळ विचारली, तेव्हा मला ती माहीत होती.