अमोनिया गळतीचं पान

३ मार्च
साहेबांनी आज कंपनीचं विकी माझ्या हाती दिलं. शीतगृहातली सगळी धोरणं आणि कार्यपद्धती त्यात आहेत. कोणीही मोबाइलवर वाचावं, कोणीही दुरुस्ती करावी. वीस तारखेला सुरक्षा तपासणी आहे. पास झालो तर मी कायमचा कार्यपद्धती प्रमुख. नाहीतर पुन्हा गेटवर, गाड्यांचे नंबर लिहायला. देवाचं नाव घेऊन लॉगिन केलं. पासवर्ड चुकला.

५ मार्च
अमोनिया गळतीचं पान पाहिलं. फक्त चार ओळी. मास्क घाला, लाल व्हॉल्व्ह बंद करा, भोंगा वाजवा, बाहेर पडा. वाईट वाटलं. माणसाला असं हाकायचं असतं का? आधी त्याचं मन स्थिर करायला हवं. गावच्या शाळेत प्रस्तावना नसलेल्या निबंधाला गुरुजी भोपळा द्यायचे.

८ मार्च
पान पूर्ण. भय म्हणजे काय, इथून सुरुवात. मग वायूचा स्वभाव, मग माणसाचा. व्हॉल्व्ह योग्य वेळी येतो. बायकोला वाचून दाखवलं. भाजी चिरता चिरता म्हणाली, "छान लिहिलंय. पण तोवर तो माणूस जिवंत आहे का?" तिला ऑफिसातलं कळत नाही.

११ मार्च
शिफ्ट इन्चार्ज बाईंची पानाखाली कमेंट: "व्हॉल्व्ह कुठाय?" मी लिहिलं, "धीर धरावा. सातव्या परिच्छेदात आहे." त्याखाली कंप्रेसरवाला: "काका, वायूलाही सांगून ठेवा, सातव्या परिच्छेदापर्यंत थांब म्हणावं." खाली हसऱ्या चेहऱ्यांची रांग. लोक वाचतायत, हे महत्त्वाचं.

१२ मार्च, सकाळ
बाईंनी माझं सगळं उडवून पुन्हा चार ओळी केल्या.

दुपार
मी परत आणलं.

संध्याकाळ
त्यांनी परत उडवलं. राग धरायचा नाही असा संकल्प केला. मग माझं पान परत आणून त्याला कुलूप लावलं. आता दुरुस्ती फक्त मी करू शकतो.

१४ मार्च
लोक पान न वाचताच कामं उरकतात. म्हणून नवं धोरण: मान्य पान शेवटपर्यंत वाचल्याखेरीज कोणी कशालाही हात लावू नये. साहेबांनी न वाचता सही केली. एवढा विश्वास.

१५ मार्च
बाई केबिनमध्ये आल्या, दार लावलं. म्हणाल्या, "भाऊ, आत माझी माणसं असतात. खरंच गळती झाली तर?" आवाज चढवला नाही, त्यामुळे जास्त लागलं. बघतो म्हणालो. जेवण गेलं नाही. सातवा परिच्छेद सहावा केला. माणसानं थोडं नमतं घ्यावं.

१९ मार्च
प्रार्थनेत स्वतःसाठी काही मागितलं नाही. तपासनिसांना गद्याची आवड असावी, एवढंच.

२० मार्च
तपासनीस अबोल निघाले. हातात स्टॉपवॉच. कंप्रेसरजवळ थांबून म्हणाले, "समजा, आत्ता गळती झाली." भोंगा सुरू. कंप्रेसरवाल्यानं व्हॉल्व्हकडे हात नेला, माझ्याकडे पाहिलं, हात मागे घेतला. मोबाइल काढून मोठ्यानं वाचू लागला, "भय हा मनाचा पाहुणा आहे." बाकीचे मास्ककडे बघत उभे. "मग त्याचा चहा होऊ दे," मागून कोणीतरी म्हणालं. कोणी हसलं नाही. भोंगा थांबेना. तिसऱ्या परिच्छेदाला माझ्याच तोंडून निघालं, "अरे, पुढचं वाच." तो म्हणाला, "काका, सगळं वाचायचंय ना?" तपासनिसांनी घड्याळ बंद केलं. "पुरे. यातलं कोणी वाचलेलं नाही." मग बाईंनी व्हॉल्व्ह फिरवला. माझ्याकडे पाहिलंही नाही.

२१ मार्च
नापास. महिनाअखेर फेरतपासणी. साहेब माझ्याशी काही बोलले नाहीत. विचारात असावेत.

३० मार्च, गेट
इथे हवा मोकळी आहे. बदली तात्पुरतीच असणार. फेरतपासणीत आपण पास झालो, असं एका ड्रायव्हरकडून कळलं. आनंद वाटला, पाया मीच घातला होता. मोबाइलवर पान उघडलं. चार ओळी. शेवटी निदान 'काळजी घ्या' तरी हवं होतं. घालायला गेलो, तर दुरुस्तीचं बटणच दिसेना. गेटवर नेटवर्क जरा कमीच येतं.