गोष्टीत राक्षस नव्हताच

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज मुंगीने मला खोडरबरने पुसलं!

झालं असं – शाळेतून गृहपाठ आलाय. एक गोष्ट वाचायची आणि तिचे भाग सांगायचे. पात्रं कोण, स्थळ-काळ कोणता, संघर्ष कशाचा, शेवट काय. बाईंनी वहीत चौकोनच आखून दिलेत. मुंगीने वाचनालयाच्या पुस्तकातली गोष्ट घेतली. राजा, राजकन्या आणि अर्थातच – सावत्र आई. मी शेजारी भांडी पुसत उभी. 'खलपात्र'च्या चौकोनात तिने सुबक अक्षरात लिहिलं – सावत्र आई. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाली पोरगी. खसाखसा खोडलं आणि लिहिलं – राक्षस.

त्या गोष्टीत राक्षस नव्हताच!

मी काही पाहिलंच नाही असं दाखवलं. न्हाणीघरात जाऊन आधी पोटभर हसले. मग हसू कुठे गेलं कोण जाणे.

४ फेब्रुवारी, बुधवार

बाईंनी 'राक्षस'वर लाल फुली मारली. 'गोष्ट नीट वाच' असा शेरा. मुंगीने वही दप्तराच्या तळाशी घातली. माझ्यापायी पोरीचा मार्क गेला.

५ फेब्रुवारी, गुरुवार

लग्नाला आठ महिने झाले, पण मुंगी मला कशानेच हाक मारत नाही. तिची आई जाऊन तीन वर्षं झालीत. माझ्याशी बोलताना वाक्यं अशी वळवते की हाक मारायची वेळच येऊ नये. 'पाणी मिळेल का?' 'वेणी घालायची राहिलीय.' नऊ वर्षांची आहे, पण भाषा वकिलाची!

आता दुसरा गृहपाठ – स्वतःची गोष्ट लिहायची. महिनाअखेरीस पालकांसमोर वाचायची. यांना विचारलं, कथानक म्हणजे काय हो? हे म्हणाले, "मी लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस. वर जाते, खाली येते, मधे अडकते. झालं कथानक." बरोबर असेलही! वाचनालयातून कथा कशी लिहावी यावरचं पुस्तक आणलंय. आधी मी शिकते, मग तिला सांगते.

८ फेब्रुवारी, रविवार

मावशी आली होती. मुंगीच्या आईची धाकटी बहीण. दर रविवारी दोन बस बदलून येते. मुंगीचा चेहरा दोन्ही हातांत धरून बघत राहते. मला 'अहो' म्हणते, तेही चिमट्याने उचलल्यासारखं.

आज मी चहा ओतत होते, तर मागून म्हणाली, "वार्षिक परीक्षा झाली की हिला कायमची माझ्याकडेच नेते. भावजींच्या कानावर घातलंय."

कप भरून वाहिला.

मुंगी झोपल्यावर यांना विचारलं. "बघू," म्हणाले.

१० फेब्रुवारी, मंगळवार

'बघू' हा शब्द कोणी काढला? धरून आणा त्याला माझ्यासमोर.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

शाळा लवकर सुटली. मुंगीला लॅबमध्ये घेऊन गेले. दातांच्या कवळ्या बनवतो आम्ही. प्लास्टरचे जबडे, मेणाचा वास, हिरड्यांच्या गुलाबी रंगाचे डबे – तिचे डोळे हे एवढाले! आमचे मुख्य कारागीर म्हणाले, "ये बये, सगळे तुझ्याकडे बघून हसतायत."

पुस्तकातलं वाक्य मी तिला सांगितलं – पात्राला काहीतरी मनापासून हवं असलं पाहिजे, तरच गोष्ट पुढे सरकते. तिने विचार केला आणि टेबलावरची एक कवळी उचलली. "ही माझं मुख्य पात्र."

"तिला काय हवंय?"

"तोंड!"

मेण हातातून पडेपर्यंत हसलो दोघी.

मग संघर्ष शोधायला बसलो. मी खरं ते सांगितलं – नवीन कवळी सुरुवातीला टोचते. तोंडाला फोड येतात. मग काढायची, जरा घासायची, पुन्हा घालून बघायची. धीराचं काम.

"घासताना कवळीला दुखत नाही?"

माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. म्हटलं, "माहीत नाही गं. तूच लिही."

१५ फेब्रुवारी, रविवार

भांडण झालं. व्हायचंच होतं.

मुंगी मावशीला गोष्ट सांगत होती. मावशी म्हणाली, "कवळी काय गं! शी! आईवर लिही ना छानपैकी." मुंगीचा चेहरा उतरला. माझी जीभ सुटली – "लिहू द्या ना तिला हवं ते. सारखं आई आई करून तुम्हीच रडवता तिला." बोलले आणि वाटलं, तोंडाला कुलूप लावायला हवं होतं. मावशी पांढरीफटक! मी तरातरा आत निघाले आणि मागून मुंगी ओरडली –

"अगं, थांब ना!"

मला. अगं म्हणाली. मला!

मावशीनेही ऐकलं ते. तिने पर्स उचलली आणि चहा न घेताच निघाली. जिना उतरताना कठड्याला धरून जरा वेळ उभी होती. खिडकीतून दिसली.

आज मी आनंदाने नाचायला हवं होतं.

१८ फेब्रुवारी, बुधवार

पुस्तकातलं पुढचं प्रकरण – निवेदक. गोष्ट कोण सांगतंय त्यावर सगळं फिरतं म्हणे. खाली अभ्यास दिलाय: तुमचाच एखादा प्रसंग दुसऱ्याच्या नजरेने लिहा. रविवारचाच घेतला. मावशी होऊन लिहू लागले –

'माझ्या बहिणीच्या घराचं दार एक परकी बाई उघडते. पडदे बदललेत. बहिणीचा निळा कप फळीवर मागे गेलाय. पोरीच्या हनुवटीवर तेवढी ती शिल्लक आहे, म्हणून आठवडाभर मी रविवारची वाट बघते. आज पोरीने त्या बाईला...'

पुढे लिहवेना. हिच्या गोष्टीत खलपात्र मी! आणि माझ्या गोष्टीत ती. दोघींना एकच पोर हवंय, बास. राक्षस कुठेच नाही.

उठून निळा कप पुढे काढून ठेवला. मागे सारला तेव्हा मला माहीतच नव्हतं हो तो कोणाचा. परवा यांना विचारलं तेव्हा कळलं.

२१ फेब्रुवारी, शनिवार

मीच फोन केला. आधी म्हटलं, "त्या दिवशी जास्त बोलले." मग म्हटलं, "शुक्रवारी मुंगी शाळेत गोष्ट वाचणार आहे. तुम्ही या. आणि एक विचारायचं होतं... लहानपणी ती कशी होती? यांना काही आठवत नाही. कधी विचारावं तर म्हणतात, गोड होती. गोड काय, सगळीच असतात!"

"कशाला हवंय तुम्हाला?" कोरडा आवाज.

"माझ्याकडे ती आठ वर्षांची होऊनच आली. त्याआधीची तुमच्याकडेच आहे ना."

मग बोलायला लागली ती थांबेचना! मुंगी मुंग्यांना साखर घालायची, म्हणून मुंगी. तिची आई भयंकर बेसूर गायची, आणि मोठ्यांदा. शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. सांगताना मावशी हसली. तिचं हसू मी पहिल्यांदा ऐकलं.

रविवारी मात्र येणार नाही म्हणाली. शुक्रवारचंही सांगितलं नाही काही.

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

आली! शेवटच्या रांगेत बसली होती. मी उठून तिच्या शेजारी जाऊन बसले. हे आमच्या शेजारी उभेच, लिफ्टच्या कामाचे कपडे घालून.

मुंगीने धीटपणे वाचलं. कवळीचं जुनं तोंड कायमचं गेलं. नव्या आजीच्या तोंडात ती टोचायची. आजीला दुखायचं, कवळीलाही दुखायचं, पण कोणी कोणाला सांगत नव्हतं. शेवट तिने मलाही दाखवला नव्हता. तो असा – 'रात्री आजी कवळीला पाण्याच्या वाटीत ठेवते. तेव्हा कवळी जुन्या तोंडाची आठवण काढते. आजी रागवत नाही. सकाळी कवळी पुन्हा आजीच्या तोंडात जाते आणि दोघी हसतात.'

बाईंनी विचारलं, "यात खलपात्र कोण?"

"नाहीये."

"मग संघर्ष कसा होईल?"

"होतो ना, बाई. टोचतं."

सगळा वर्ग हसला. आमच्या रांगेत एक रुमाल होता आणि माणसं तीन.

१ मार्च, रविवार

मावशी आली नाही. दुपारी फोन आला – ताप आहे. मी म्हटलं, गरम काहीतरी प्या, अंगावर काढू नका. मुंगीशी बोलली, मग पुन्हा मला द्यायला सांगितलं.

"न्यायचं ते राहू दे आता," म्हणाली. "सुट्टीत तुम्ही दोघीच या चार दिवस."

हो म्हटलं नुसतं.

"बरं ताई, ठेवते मग."

बोलून गेली आणि थबकली. मीही.

फोन दोघींनीही ठेवला नाही.