दोन कुलपं आणि एक पळी

३ मार्च
शांतता-संवादाचं दोन दिवसांचं शिबिर करून आलो. सर्टिफिकेट लॅमिनेट केलं. आता वरची आळी आणि खालची आळी एक करणं म्हणजे डाव्या हाताचा मळ! दोन आळ्यांत दगडफेक झाली, तेव्हापासून मधल्या फाटकाला दोन्ही बाजूंनी एकेक कुलूप आहे. आमच्या बाजूची किल्ली माझ्याकडे. महिन्याभरात फाटक उघडणार. मीच उघडणार.
दादा खालच्या आळीत राहतो. सख्खा भाऊ. दगडफेकीपासून आमचं बोलणं बंद. पण तो विषय वेगळा. आधी समाज.

९ मार्च
दवाखान्याच्या व्हरांड्यात पहिली बैठक. शिबिरातला नियम: एक वस्तू फिरवायची. ती ज्याच्या हातात, तोच बोलणार, बाकीच्यांनी गप्प ऐकायचं. घरून पळी नेली. प्रास्ताविक जरा लांबलं, त्यामुळे पळी माझ्याकडेच राहिली. तरी वातावरण उत्तम. कुणी भांडलं नाही. शिंपीणबाई तर झोपल्या, इतकं त्यांना सुरक्षित वाटलं.
दादाही आला होता. हात वर करून बसला होता. मी बघितलं नाही. अध्यक्षाने निःपक्षपाती राहावं.

१६ मार्च
आज पळी सोडायचीच, असा निर्धार. सोडली नाही. बेकरीवाला म्हणाला, साहेब, आम्हालाही धरू द्या की. लोकांची अजून मानसिक तयारी नाही.

२३ मार्च
बैठकीला मी, पळी आणि एक कुत्रं. लोक अंतर्मुख झालेत, चांगलं लक्षण आहे. घरी आलो तर हीसुद्धा नाही. हल्ली हिला बाजारात फार वेळ लागतो.

३० मार्च
विश्वासघात!
उद्घाटनाचा बॅनर आणायला गेलो होतो (माझा फोटो मोठा, फाटक लहान). येऊन बघतो तर फाटक सताड उघडं. आमची किल्ली हिने माझ्या शर्टाच्या खिशातून काढलेली, पलीकडची वहिनीने मिळवलेली. बाजार कसला आलाय! तीन आठवडे ही मागच्या रस्त्याने वळसा घालून वहिनीच्या ओट्यावर दोन्ही आळ्यांना बसवत होती. पळी मी अडवली म्हणून लाटण्यावर भागवलं म्हणे. माझाच नियम, माझीच बायको!
सगळे फाटकात गोल करून बसलेले. ही म्हणाली, बाकी सगळं मिटलं, तुमचं आणि भाऊजींचं तेवढं राहिलंय. आज हिने घरून आणलेली पळी दादाच्या हातात. दादाने एवढंच विचारलं, जेवलास का? आणि पळी माझ्यापुढे धरली.
भाषण तोंडपाठ होतं. एक शब्द फुटेना. कुणी मदतीलाही येईना, सगळे नियमाप्रमाणे गप्प ऐकत होते. शेवटी मान हलवली आणि पळी परत दिली.
ती दादाकडेच राहिली. ही म्हणते, उद्या स्वयंपाकाला लागेल, तुम्हीच जाऊन आणा.
फितूर!